बारवेचा गाळ काढण्याआधी गावानं काय ठरवावं?

सरपंचताई, तुमच्या लांबलचक प्रश्नाचा मला कळलेला मथितार्थ असा. औसा तालुक्यातलं गाव. गावठाणाच्या कडेला महादेवाचं जुनं दगडी देऊळ, समोर अर्धी बुजलेली बारव, म्हणजे पायऱ्यांची जुनी दगडी विहीर. तरुण मंडळाला उन्हाळ्यात जेसीबी लावून बारव उपसायची आहे. देवळाला रंग द्यायला आणि पुढे सभामंडप बांधायला आमदार निधी मिळेल असं दिसतंय. पाहणीला आलेल्या अभियंत्यानं मात्र ‘जीर्ण आहे, पाडून आरसीसीत बांधा’ असं तोंडी सांगितलंय. म्हातारी माणसं म्हणतात, पुरातत्त्व खात्याला कळलं तर देऊळ गावाच्या हातून गेलंच. यात ग्रामपंचायतीला किती अधिकार आहे आणि हात कुठून घालायचा, हे तुम्हाला हवंय. शेवटी देणगीदारांच्या पाटीचंही विचारलंय.

मी मराठवाड्यात दगड-चुन्याच्या जुन्या बांधकामांची दुरुस्ती करतो, त्यामुळे उत्तर त्या अंगानं येईल. माझं मत आधीच सांगून टाकतो: पैशाचं बोलणं सगळ्यात शेवटी करा. पैसे नाहीत म्हणून पडलेली देवळं मी पाहिली आहेत. पण गावाचं काहीच ठरलेलं नसताना पैसे आले आणि देऊळ ओळखू येईनासं झालं, अशी गावं त्याहून जास्त पाहिली आहेत.

आधी खात्याची भीती. देऊळ संरक्षित आहे की नाही हे ऐकीव माहितीवर सोडू नका, लेखी विचारा. केंद्राची स्मारकं १९५८ च्या कायद्याखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे असतात आणि राज्याची १९६० च्या कायद्याखाली पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे. दोन्हींची कार्यालयं छत्रपती संभाजीनगरला आहेत. संरक्षित असेल तर परवानगीशिवाय एक चिराही हलवायचा नाही, विषय संपला. गावोगावी जी धास्ती आहे ती २०१० च्या दुरुस्तीमुळे. केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी घेऊनच, हा नियम तेव्हा कायद्यात आला. पण आपल्याकडच्या बहुतेक बारवा कुठल्याच यादीत नाहीत. उद्या एखादी यादीत आली तरी मालकी आपोआप सरकारजमा होत नाही, चालू पूजाअर्चा बंद पडत नाही आणि अंतिम अधिसूचनेआधी हरकती घ्यायला दोन महिने मिळतात. यादीत नसलेल्या बारवेची मात्र कुणालाच विचारपूस करावी लागत नाही. म्हाताऱ्यांनी खरी काळजी करायची तर याची करावी.

आता ग्रामपंचायतीचा अधिकार. ७३ व्या घटनादुरुस्तीनं आलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय दिले आहेत. त्यात सांस्कृतिक कार्य आहे, बाजार आणि जत्रा आहे, सामूहिक मालमत्तेची देखभालही आहे. म्हणजे पुस्तकात अधिकार भरपूर. पण ‘सामूहिक मालमत्ता’ म्हणायला ती तशी कुठेतरी नोंदलेली लागते, आणि गाडी नेमकी इथंच अडते. बारव गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदवहीत ती आहे का बघा. स्वामित्व योजनेच्या ड्रोन मोजणीत ती जागा कुणाच्या मिळकत पत्रिकेत गेली तेही बघा. शेजारच्या घराचं ‘परसू’ म्हणून अख्खी बारव चढवली गेल्याचं मी पाहिलंय. त्यात कुणाचा डाव नव्हता, मोजणीच्या दिवशी गावातलं कुणी तिथं उभंच नव्हतं. बारव गावठाणाबाहेर असेल तर सातबाऱ्यावरचं इतर अधिकाराचं सदर वाचा.

तेवढ्यावर थांबू नका. मराठवाड्याचा कागद निजामाच्या अमलातून आलेला आहे. तहसीलच्या अभिलेख कक्षातून १९५४-५५ च्या खासरा पाहणी पत्रकाची (तेव्हाच्या जमीन पाहणीच्या नोंदीची) नक्कल काढा आणि सेतवार, म्हणजे मोजणीची जुनी नोंद, मिळाला तर सोन्याहून पिवळं. दहा वर्षांपूर्वी ‘खासरा पत्रक’ म्हटलं की कारकूनसुद्धा तोंडाकडे बघायचे. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि आता शाळकरी पोरांनाही हे शब्द पाठ आहेत, एवढा एक फायदा झाला. देवळाला सेवा इनाम, म्हणजे खिदमतमाश जमीन होती का, हेही शोधा. असली तर तिचा मुंतखब, म्हणजे इनामाचा अधिकृत दाखला, जिल्हाधिकारी कार्यालयातल्या अतियातच्या (इनामांच्या) दप्तरात सापडू शकतो. तो उर्दू-फारसीत असेल. गावातल्या एखाद्या जुन्या उस्तादांना मानानं बोलावून वाचून घ्या. त्या निमित्तानं ज्यांना देवळाच्या कामात कधी कुणी विचारत नाही असं एक घर आत येतं, आणि पुढे पंचायतीत त्याचा फार उपयोग होतो.

हा मुंतखब मी एवढा का उगाळतोय? त्यात बहुतेक वेळा नुसती जमीन नसते, कामं लिहिलेली असतात. दिवाबत्ती कुणी करायची, झाडलोट कुणी, नगारा कुणी वाजवायचा. ज्याला मान, त्याला काम, अशी ती बांधणी होती. पुढे बलुतेदारी मोडली. १९५४ च्या हैदराबाद कायद्यानं बाकीची इनामं गेली, देवस्थानाची सेवा इनामं कायद्यानं वेगळी ठेवली. तरीही त्या जमिनी कुठे वादात अडकल्या, कुठे नुसत्या कसल्या गेल्या. मान तेवढा शिल्लक राहिला. पालखीला पहिला खांदा कुणाचा यावरून आजही डोकी फुटतात, पण शिखरावर उगवलेला पिंपळ उपटायचं काम कुणाच्या वाट्याचं, असं विचारलं की सगळे आकाशाकडे बघतात. तुमच्या गावातलं निम्मं दुखणं हेच असेल, असा माझा अंदाज आहे.

तेव्हा समिती नेमताना नुसती नावं लिहू नका, नावापुढे काम लिहा. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ४९ खाली ग्रामसभेला ग्रामविकास समिती नेमता येते, तो रस्ता धरा. वेगळा न्यास काढायची घाई करू नका. न्यास झाला की धर्मादाय कार्यालयात फेरफार अर्ज, विश्वस्तांची भांडणं, आणि दहा वर्षांनी देवळाचा मालक कोण यावर दावा. (न्यास आधीच नोंदलेला असेल तर गोष्ट वेगळी. मग विश्वस्तांना पहिल्या बैठकीपासून सोबत घ्या, कारण त्यांच्या परिशिष्टात नोंदलेल्या मालमत्तेवर तुम्ही परस्पर ठराव करू शकत नाही.) कामं अगदी बारीक लिहा: मृगाच्या आधी छतावरचं गवत काढून पन्हाळी मोकळ्या करायच्या, दर अमावास्येला बारवेच्या पायऱ्या झाडायच्या, दिवाळीनंतर झाडांची रोपं बघायची. ज्या घराण्याकडे जो मान आहे त्याच्याकडे त्यातलं एक काम द्या आणि ज्यांना आजवर मानच नव्हता त्यांना मान आणि काम दोन्ही द्या. ठरावात घाला. गुरवाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका. इतकी वर्षं तिथं रोज दिवा लावणारा तो एकटाच होता.

ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते, हे तुम्ही जाणताच. आपल्याकडे ती बहुधा सह्यांपुरती होते. या विषयावर ती खरोखर घ्या, आणि जमलं तर बारवेच्या काठावर घ्या. कारण सांगतो. परभणी जिल्ह्यातल्या वालूरची चक्राकार बारव गावकऱ्यांनी साफ केली तेव्हापासून तरुणांमध्ये बारव स्वच्छतेची हौस आली. हौस चांगली. पण एका गावी पोरांनी काठावरचे शेंदूर फासलेले सात दगड ‘कचरा’ म्हणून ट्रॉलीत भरले. त्या साती आसरा होत्या, पाण्याच्या सात देवता. बाळंतिणीला पाण्यावर नेऊन ओटी तिथंच भरायची पद्धत होती. पोरांना माहीत नव्हतं आणि ज्यांना माहीत होतं त्या बायकांना कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी गावात जो आरडाओरडा झाला त्यानं ते काम कायमचं बंद पडलं.

दुसरी गोष्ट अवघड आहे, पण टाळू नका. बारवेचं पाणी गावात सगळ्यांना सारखं मिळत नव्हतं. कुणी कुठल्या पायरीपर्यंत यायचं, कुणी वरच थांबून कुणीतरी घागरीत ओतेल याची वाट बघायची, हे आठवणारी माणसं अजून हयात आहेत. गावच्या वारशाची नोंदवही कराल (जैवविविधतेची लोकवही करतात तशी, साधी दोनशे पानी वही पुरे) तेव्हा त्यात यादवांचा काळ आणि कोनाड्यातला शेषशायी विष्णू लिहा, तशीच ही आठवणही सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहा. ती वगळून ‘आपल्या पूर्वजांची बारव’ म्हणून श्रमदानाला हाक दिली, तर अर्ध्या गावाला ती हाक आपली वाटणार नाही. आणि त्यांचं चुकतंय असं मला वाटत नाही.

आता अभियंत्याचं ‘पाडा’. तुमच्या तालुक्यात हे ऐकल्यावर लोक चटकन मान डोलावतात, त्याला कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीनं काय केलं ते औश्याला सांगायला नको. ५२ गावं दुसऱ्या जागी वसवावी लागली. दगड म्हणजे मरण, हे त्या रात्री माणसांच्या मनात बसलं. पण तेव्हा पडल्या त्या बहुतेक गोट्या दगडांच्या, मातीत रचलेल्या जाड भिंती. आतली आणि बाहेरची फळी एकमेकींना बांधणारे जोडदगड नाहीत आणि डोक्यावर माळवदाची, म्हणजे सपाट धाब्याची, मणामणाची माती. भिंतीच्या दोन फळ्या सुटल्या आणि माळवद खाली आलं. घडीव चिऱ्यांचं, खाचा करून एकात एक बसवलेलं देऊळ ही वेगळी चीज आहे. ते धोक्याचं नसतंच असं मी म्हणत नाही. तुळई तडकली असेल, खांब कलला असेल, तर आधी टेकू द्यावा लागतो. पण ‘जीर्ण’ हा एक शब्द लिहून पाडकाम ठरवता येत नाही. अभियंत्यांना विचारा: कुठला चिरा, किती सरकला, तडा जुना की वाढता? तड्यावर काचेची पट्टी चिकटवून एक पावसाळा जाऊ द्या. पट्टी फुटली तर तडा चालू आहे, नाही फुटली तर निवांत बसा. आणि जुन्या दगडी कामाची माहिती असलेल्या माणसाकडून लेखी अहवाल घेतल्याशिवाय ग्रामसभेत पाडायचा ठराव येऊ देऊ नका. एकदा उतरवलेल्या देवळाचे चिरे पुन्हा जागेवर जात नाहीत, ते बांधाबांधाला लागतात.

बारवेकडे येऊ. जेसीबी नको. यंत्राचा मला राग आहे म्हणून नव्हे. बारवेच्या भिंती कोरड्या रचलेल्या असतात, मागे काळी माती. ही माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि भिंत पुढून पाणी अन् गाळ, मागून माती अशा दोन्हींच्या दाबात तोलून उभी असते. काठावर सात-आठ टनांचं धूड आणून उभं केलं आणि आतला गाळ एका दिवसात ओढला की मागची ओली माती भिंतीला पुढे ढकलते. भिंतीला आधी पोट येतं, मग मधला एक चिरा सटकतो, मग दहा हात भिंत एकदम आत. पाणी उपसतानाही तेच. दहा अश्वशक्तीची मोटर लावून रात्रीत बारव कोरडी करणं म्हणजे हौसेनं घातलेला घात. मी दिवसाला फूटभरापेक्षा जास्त पाणी उतरू देत नाही, आणि रोज सकाळी भिंतीसमोर आडवी दोरी ताणून पोट वाढलंय का बघतो.

गवंडी हमखास म्हणेल, ‘सायेब, सांदी लई मोकळ्यात, सिमिटानं दर्जा भरून घिऊ.’ भरू देऊ नका. त्या मोकळ्या सांदींतूनच पाझर आत येतो. सांदी बुजवल्या की पाणी भिंतीमागे तुंबतं आणि भिंत ढकलतं. शिवाय पाझर बंद झाल्यानं बारवेत पाणीही येत नाही. मग लोक म्हणतात, झरे आटले. झरे आटायचं दुसरं कारण भोवतालचे बोअर. ग्रामसभेनं बारवेच्या आसपास नवा बोअर न घेण्याचं ठरवलं तर त्याचा परिणाम सगळ्या रंगरंगोटीपेक्षा मोठा असेल. पण त्या शेतकऱ्याला सोबत बसवून ठरवा, पाठीमागे नको.

गाळ माणसांनी काढा, पाटीनं, चाळणीतून. तुमच्याकडे पायऱ्यांच्या वाटा किती आहेत ते अजून कळलेलं नाही असं लिहिलंय. एक असेल तर नंदा, दोन तर भद्रा, तीन तर जया, चार तर विजया, अशी शास्त्रातली नावं आहेत. गाळाखाली एखादी वाट निघायचीही शक्यता आहे, म्हणून कडा खरवडू नका. मूर्ती, कोरीव तुकडा, शिलालेख, नाणी असं काहीही निघालं की काम थांबवा. जागेवर शेजारी फूटपट्टी ठेवून फोटो काढा, तलाठी आणि पोलीस पाटलांना बोलावून पंचनामा करा, तहसीलदारांना लेखी कळवा. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांवरच्या किमतीचं काही जमिनीतून निघालं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. मूर्ती धुऊन, शेंदूर लावून लगेच ओट्यावर मांडायचा मोह गावाला होतो. शेंदूर बसला की अंगावरची अक्षरं गेली.

‘मग सापडलेलं सगळं जिल्ह्याला नेणार’ या शंकेवर तेरचं उदाहरण द्या. धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे रोमन व्यापाराच्या काळातलं तगर. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात नि शिवारात मिळणाऱ्या वस्तू जमवल्या. तो संग्रह पुढे शासनाकडे गेला आणि त्यांच्याच नावाचं शासकीय वस्तुसंग्रहालय तेरमध्येच उभं राहिलं. उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी द्वारशाखा (दाराची चौकट) तिथं बघायला मिळते. वस्तू गावात राहिल्या, कारण त्या कुठून आल्या हे सांगणारा माणूस गावात होता. तुमच्याकडे संग्रहालय होईल असं मी म्हणत नाही. पण पंचनामा, फोटो आणि वही असली तर वस्तू गावातच ठेवू द्या असं सांगायला तोंड राहतं.

आता पैसे. आमदार निधीतला सभामंडप, ‘क’ वर्ग तीर्थक्षेत्रातले पेव्हर ब्लॉक, भक्तनिवास: या निधीची चाकोरी नव्या बांधकामाची आहे. त्यात दगड साफ करणं आणि चुना मळणं बसवताना अंदाजपत्रक करणाऱ्याचीच पंचाईत होते, कारण दरसूचीत ते शोधावं लागतं. सभामंडपाला माझा विरोध नाही. जत्रेला माणूस उन्हात का बसावा? पण तो देवळाला चिकटवून, देवळाच्या भिंतीत गज ठोकून नको. बाजूला, वेगळ्या पायावर, शिखर झाकणार नाही असा आणि बारवेच्या काठापासून लांब. देवळाला ऑइलपेंट कुठल्याही परिस्थितीत नको. दगडातला ओलावा आतच कोंडतो आणि काही वर्षांत कोरीव कामाचे पापुद्रे रंगासकट गळून पडतात. जुना रंग असेल तर तो वाळूच्या फवाऱ्यानं उडवायचा नाही, जाणकाराकडून सावकाश उतरवायचा.

पैशाच्या दुसऱ्या वाटाही आहेत. बारव हा पाण्याचा स्रोत आहे, म्हणून वित्त आयोगाच्या पाणी-स्वच्छतेच्या बंधित निधीत तिची साफसफाई बसते का, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांशी आराखडा करतानाच बोला, नंतर नाही. जिल्हा वार्षिक योजनेत गडकिल्ले, मंदिरं आणि संरक्षित स्मारकांच्या संवर्धनासाठी ३ टक्क्यांपर्यंत निधीची तरतूद आहे. देऊळ राज्य संरक्षित झालं तर हे दार उघडतं, म्हणून म्हाताऱ्यांना पुन्हा एकदा समजावून बघा. राज्य संरक्षित स्मारक संगोपनासाठी संस्थेकडे द्यायचीही योजना आहे, नळदुर्गचा किल्ला तसा दिला गेला. पण तिकिटावर चालणारा किल्ला वेगळा आणि तुमचं महादेवाचं देऊळ वेगळं. तुमच्यासाठी ती वाट नाही.

चुन्याबद्दल गावात हसतील. ‘आता कुठं चुना?’ त्यांना येरमाळ्याची आठवण करून द्या. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत येडेश्वरीची पालखी चुनखडीच्या रानात जाते आणि लाखो माणसं चुनखडीचे खडे वेचतात. आपल्याच भागात चुना वेचणं हा देवीचा सोहळा आहे, आणि देवळाच्या कामावर मात्र सिमेंटची गोणी. चुना विरवून निदान काही आठवडे पाण्याखाली मुरू द्यावा लागतो, मग वाळू, सुरखी (विटांचा चुरा), थोडं गुळाचं पाणी, बेलफळाचा गर. हे जमणारे हात अजून आहेत, बहुधा वडार वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांचे. त्यांना हजेरीवर नव्हे, उस्ताद म्हणून बोलवा आणि गावातली दोन पोरं त्यांच्या हाताखाली द्या. पुढच्या वीस वर्षांची किरकोळ दुरुस्ती ही पोरंच करणार आहेत.

यंदाच्या उन्हाळ्यात बारव पूर्ण मोकळी होणार नाही, हे तरुण मंडळाला आत्ताच सांगा. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव आणि समिती, होळीपर्यंत कागद आणि मोजणी, त्यानंतर काठावरची झाडी. झुडपं उपटायची नाहीत, बुंध्याशी कापायची. मुळं चिऱ्यांत गेलेली असतात, ओढली की चिरा सोबत येतो. मृगाच्या आधी वरच्या चार-सहा पायऱ्या मोकळ्या झाल्या आणि पावसाचं वाहतं पाणी बारवेत शिरणार नाही असा चर निघाला, तरी पहिल्या वर्षाला भरपूर. गाळाचं खरं काम पुढच्या वर्षी.

राहिली पाटी. देवळाच्या किंवा बारवेच्या दगडात एकही खिळा, एकही ग्रॅनाइटची लादी नको. वाटेवर वेगळा शहाबादी दगड उभा करा. त्यावर रुपयांचे आकडे न घालता नावं लिहा, आणि श्रमदान करणाऱ्यांची नावं देणगीदारांच्या वर येऊ द्या. यावर कुरकुर होईल. तेव्हा देणगीची पावती फाडण्याआधीच ही अट सांगून टाका.